मत्स्यगंधेला शेपटी नव्हती

कोथरूडच्या एका चित्रकार भगिनींनी विचारले आहे की, कमरेवर स्त्री आणि कमरेखाली मासा अशा आकृतीच्या चित्रमालिकेला मराठीत कोणते शीर्षक द्यावे: जलपरी, मत्स्यकन्या की मत्स्यगंधा? यांतला खरा मराठी शब्द कोणता, हाही त्यांचा प्रश्न आहे.

मत्स्यगंधा हा शब्द आधी बाजूला काढतो, कारण या अर्थाने तो ऐकून ऐकून कान किटले आहेत. मागच्या गणेशोत्सवात पेठेतल्या एका मंडळाने समुद्रतळाचा देखावा उभारला होता. निळ्या पडद्यापुढे हिरवी, खवल्याखवल्यांची शेपटी हलवणारी एक पुतळी बसवली होती आणि खाली चमकीच्या अक्षरांत पाटी होती, ‘मत्स्यगंधा’. मी कार्यकर्त्यांना चूक समजावून सांगितली, त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि पाटी अनंत चतुर्दशीपर्यंत तशीच राहिली. मत्स्यगंधा म्हणजे जिच्या अंगाला माशाचा वास येतो ती, म्हणजे यमुनेवर नाव चालवणारी, पुढे शंतनूची राणी झालेली, व्यासांची आई सत्यवती. तिला तुमच्याआमच्यासारखे दोन पाय होते, आणि राजा रविवर्म्यानेही शंतनूसमोर तिला तशीच उभी केली आहे.

जलपरीतील ‘परी’ फारसी आहे. तिचे मूळ अवेस्ता या पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथातील ‘पइरिका’ या शब्दाशी पोचते आणि तिथे त्याचा अर्थ दुष्ट मायाविनी असा आहे. इंग्रजी ‘फेअरी’शी तिचे नाते जोडणाऱ्यांनी हे कृपया लक्षात घ्यावे की, तो शब्द लॅटिन ‘फाता’वरून फ्रेंचमार्गे आला आहे आणि दोहोंतील साम्य निव्वळ योगायोगाचे आहे. मत्स्यकन्या हा शब्द ‘मत्स्यरूप कन्या’ असा विग्रह करून चालवता येतो, परंतु सरळ षष्ठीने सोडवला तर ‘माशाची मुलगी’ हाती येते, आणि तीही पुन्हा सत्यवतीच, कशी ते पुढे येईल.

जो शब्द या तिघांच्या आधी आठवायला हवा होता, तो भगिनींच्या यादीत नाही. तो शब्द आहे ‘आसरा’. मावळात पवनेच्या काठाने हिंडताना एखाद्या डोहापाशी शेंदूर लावलेले सात लहान दगड ओळीने मांडलेले दिसतात. पुढ्यात हिरव्या बांगड्या, हळदकुंकू, कधी ओटीचा खण असतो. त्या साती आसरा, पाण्यातल्या बाया. हे नाव ‘आश्रय’ या शब्दावरून आले, देवी आसरा देतात म्हणून त्या आसरा, अशी व्युत्पत्ती व्याख्यानांतून ठोकून दिली जाते. ती साफ चुकीची आहे. आश्रयातून आलेला आसरा पुल्लिंगी आहे, ‘तो आसरा’. पाण्याकाठच्या मात्र ‘त्या आसरा’, स्त्रीलिंगी आणि अनेकवचनी. एवढा व्याकरणाचा फरक ज्यांना दिसत नाही, त्यांनी व्युत्पत्तीच्या वाटेला जाऊ नये.

आसरा म्हणजे अप्सरा. बाराव्या शतकातील हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात एकाच सूत्रात सांगितले आहे की, ऱ्हस्व स्वरानंतरच्या ‘त्स’ आणि ‘प्स’ यांचा ‘च्छ’ होतो. त्यानुसार अप्सराची ‘अच्छरा’ होते आणि वत्साचा ‘वच्छ’. पुढे मराठीने या ‘च्छ’चा ‘स’ केला आणि आधीचा स्वर लांबवला. म्हणून वच्छापासून वासरू आले, कच्छपापासून कासव आले, मत्स्याच्या ‘मच्छ’पासून मासा आला आणि अच्छरेपासून आसरा आली. हिंदीने मछली आणि कछुआ यांत ‘छ’ जपला. कासव, मासा आणि आसरा ही पाण्यातली तिन्ही नावे एकाच ध्वनिनियमाच्या प्रवाहातून आपल्यापर्यंत वाहत आली आहेत, हे प्रथम ध्यानात आले तेव्हा मला रात्रभर झोप लागली नव्हती.

अप्सरेचे पाणी तिच्या नावातच आहे, कारण ‘अप्’ म्हणजे पाणी. वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या निरुक्तकार यास्कांनी ‘पाण्यात संचार करणारी’ असा अर्थ दिला आहे. लगोलग ‘अप्स म्हणजे रूप’ अशी दुसरी व्युत्पत्ती दिली नसती, तर बरे झाले असते. रामायणाच्या बालकांडातही त्या पाण्याच्या मंथनातून वर आल्या म्हणून अप्सरा, असे सांगितले आहे. शतपथ ब्राह्मणात उर्वशी आणि तिच्या सख्या कमळांच्या तळ्यात आती नावाच्या पाणपक्ष्यांचे रूप घेऊन पोहत असतात. गाण्याने खलाशांना भुलवणाऱ्या ग्रीकांच्या सायरेनींनाही जुन्या चित्रांत पक्ष्याचेच अंग असे, आणि माशाची शेपटी त्यांना पुढे मध्ययुगात चिकटली. सीरियाच्या अतरगतिस देवीला ती फार पूर्वीपासून होती, हे खरे. पण शेपटी नाही म्हणून आमच्या आसरांना या कुळातून वगळण्याचे कारण उरत नाही. त्यांचे पाणी हिरावले ते ‘अमरकोश’ हा संस्कृत शब्दकोश रचणाऱ्या अमरसिंहाने. ‘स्त्रियां बहुष्वप्सरसः स्वर्वेश्या उर्वशीमुखाः’ असे लिहून त्याने पाण्याच्या देवतांना स्वर्गातल्या वेश्या करून टाकले आणि शतकानुशतके संस्कृत शिकणारी मुले तेच घोकत राहिली. त्याच ओळीतले ‘बहुषु’ मात्र त्याने अचूक लिहिले: हा शब्द अनेकवचनी चालतो. मावळातली बाई आजही ‘आसरा आल्या’ म्हणते, ‘आसरा आली’ म्हणत नाही.

आता मासा आणि आसरा एकाच देहात कुठे भेटतात, ते पाहा. पुण्यातच भांडारकर संस्थेने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत, आदिपर्वाच्या ५७व्या अध्यायात, हा श्लोक आहे:

तत्राद्रिकेति विख्याता ब्रह्मशापाद्वराप्सराः ।
मीनभावमनुप्राप्ता बभूव यमुनाचरी ॥

अद्रिका नावाची श्रेष्ठ अप्सरा ब्रह्मशापामुळे मासोळी होऊन यमुनेत वावरू लागली. दहाव्या महिन्यात कोळ्यांनी तिला पकडले आणि तिच्या पोटातून जुळी निघाली. मुलगा पुढे मत्स्य नावाचा राजा झाला आणि माशाचा वास असलेली मुलगी कोळ्याच्या घरी वाढली, तीच सत्यवती. अद्रिका शापातून सुटून पुन्हा अप्सरा झाली. म्हणजे देखाव्यातील त्या पाटीवर मुलीचे नाव होते आणि शेपटी होती आईची.

भगिनींनी मालिकेला ‘मत्स्यकन्या’ हे शीर्षक दिले तर वाचकांना कळेल आणि त्यात चूकही नाही. परंतु मासोळीचे खवले अजून पुरते गळलेले नाहीत आणि अप्सरेचे खांदे पाण्याबाहेर आले आहेत, असा क्षण त्यांनी एखाद्या चित्रात रंगवला असेल, तर त्या चित्राखाली ‘अद्रिका’ लिहावे.