सहलीची तिकिटं, पावत्या, नकाशे जपून स्क्रॅपबुक करायचं आहे. सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की दिवाळीच्या सुट्टीत रत्नागिरी, मालवण, सावंतवाडी फिरून आलात. तिकिटं, जेवणाची बिलं, देवळातल्या पावत्या, नकाशा, पोस्टकार्डं सगळं चपलांच्या खोक्यात भरून ठेवलंय, आणि क्राफ्टच्या सामानाच्या किमती बघून हात आखडलाय. सामानाचं नंतर बघू, त्यातलं फारसं लागणारही नाही. आज खोकं उघडा आणि त्यातले पातळ, गुळगुळीत, किंचित चकाकणारे कागद तेवढे बाजूला काढा. सगळ्यात आधी तेच जातात.

एसटीचे कंडक्टर हल्ली मशीनमधून जे तिकीट फाडून देतात ते, बहुतेक हॉटेलांची बिलं, पार्किंगच्या चिठ्ठ्या, विमानाचे बरेचसे बोर्डिंग पास, हा सगळा थर्मल कागद असतो. त्यावर शाई नसतेच. कागदावर एक रासायनिक थर असतो आणि मशीनच्या उष्णतेनं तो जिथं तापतो तिथं काळा पडतो, म्हणून अक्षर दिसतं. उजेड, ऊन, हाताचं तेल, पीव्हीसीच्या मऊ प्लास्टिकची पाकिटं, यांतल्या कशानंही ते फिकट होत जातं आणि शेवटी कोरी पट्टी उरते. ओळखायची सोपी खूण आहे. तिकिटाच्या कोऱ्या कडेवर नखानं जोरात, झपकन रेघ ओढा. घर्षणाच्या उष्णतेनं करडी रेघ उमटली तर कागद थर्मल आहे.

अशा प्रत्येक कागदाची मूळ मापातच झेरॉक्स काढा. रंगीत झेरॉक्स काढलीत तर जुनाटपणा, घड्या, चहाचा डाग सगळं उतरतं. वहीत लावायची ती झेरॉक्स. मूळ तिकिटं कागदी पाकिटात घालून वहीच्या शेवटच्या पानाला ते पाकीट जोडून टाका. आणि लॅमिनेशनच्या दुकानात तर मुळीच नेऊ नका. तिथल्या गरम रोलरमधून थर्मल कागद गेला की सगळी पट्टी काळी होऊन बाहेर येते.

दुसरं काम शिसपेन्सिलीचं. चिकटवण्याआधी लिहा. या छंदात मला एवढी एकच गोष्ट सांगायची मुभा दिली तर मी हीच सांगेन. मऊ शिसपेन्सिल घ्या, आणि प्रत्येक कागदाच्या मागे, कडेला, हलक्या हातानं तारीख, गाव, सोबत कोण होतं आणि काय झालं ते लिहा. चार शब्द पुरतात. ‘बाबांनी सुट्टे शोधेपर्यंत होडी थांबली.’ ‘इथे पाऊस आला, टपरीवर तासभर.’ घरातले सगळे एका संध्याकाळी बसा, खोकं मध्ये ठेवा, एकेक कागद उचला आणि बोला. एकाला आठवतं ते दुसऱ्याच्या डोक्यातून पार गेलेलं असतं. वर्ष उलटलं की ही वाक्यं मिळत नाहीत. सजावट पुढच्या उन्हाळ्यात केलीत तरी चालेल.

त्याच संध्याकाळी निवडही होऊन जाते. जो कागद हातात घेतल्यावर कुणाच्या तरी तोंडून काहीतरी निघतं, तो ठेवायचा. जो बघून सगळे गप्प, तो रद्दीत. पेट्रोलपंपाच्या सहा पावत्यांपैकी एखादीच बोलते. सगळं ठेवायच्या हट्टानंच बहुतेक स्क्रॅपबुकं तिसऱ्या पानावर थांबतात, असं मी ओळखीच्या कितीतरी घरांत पाहिलंय. प्रवासाच्या क्रमानं लावायलाच हवं असंही नाही. ज्या दिवसाबद्दल घरात सगळ्यात जास्त बोललं जातं, त्या दिवसापासून सुरू करा.

आता वही. शाळेच्या प्रकल्पासाठी मिळणारी रंगीबेरंगी पानांची स्वस्त स्क्रॅपबुकं घेऊ नका. तो कागद बहुधा वर्तमानपत्रासारखाच लाकडाच्या कच्च्या लगद्याचा असतो. त्यात लिग्निन नावाचं लाकडातलं द्रव्य असतं, ते उजेडानं आणि हवेनं पिवळं पडतं, आम्ल तयार होतं आणि त्याला लागून असलेला तुमचा चांगला कागदही डागाळतो. त्याऐवजी २०० जीएसएमच्या (कागदाच्या एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) वरचे पांढरे किंवा मोतिया कार्डशीट घ्या, ‘अ‍ॅसिड-फ्री’ लिहिलेले मिळाले तर उत्तमच. पुण्यात असाल तर शिवाजीनगरला १९४० पासूनची हातकागद संस्था आहे. सुती कापडाच्या चिंध्यांपासून केलेल्या कागदात लिग्निनचा प्रश्नच येत नाही, आणि तो हाताला इतका छान लागतो की त्यावर लिहायला माणूस आपोआप सावकाश होतो. कार्डशीट, पेनं, कटर वगैरे अप्पा बळवंत चौकात एका फेरीत मिळेल. मुंबईकरांनी क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या कागदवाल्या गल्ल्या गाठाव्यात.

पहिल्या खेपेला मी रिंगची फाइल सुचवेन. पानं मागेपुढे करता येतात, एखादं बिघडलं तर तेवढंच काढता येतं, आणि तिकिटं लागून जाडी वाढली तरी फाइल फुगत नाही. शिवलेली वहीच हवी असेल तर बाइंडरला सुटी पानं द्या आणि सांगा की प्रत्येक दोन पानांमध्ये शिवणीपाशी बोटभर रुंद कागदाची पट्टी घाला. त्या पट्ट्यांमुळे पाठ जाड होते आणि पुढे पानांवर वस्तू लागल्या की वही सपाट मिटते. नाहीतर तिचा जबडा उघडाच राहतो.

चिकटवण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण खरं नुकसान तिथेच होतं. सेलोटेप नको. काही वर्षांत ती पिवळी पडते, गोंद कडेनं बाहेर झिरपतो आणि कागदात कायमचा मुरतो. स्टेपलर नको, आपल्याकडच्या दमट हवेत पिना गंजतात. फेव्हिकॉल वाईट नाही, पण त्यातल्या पाण्यानं पातळ कागद लाटा आल्यासारखा होतो आणि एकदा वाळला की कागद फाटल्याशिवाय सुटत नाही. झेरॉक्सला, सजावटीच्या पट्ट्यांना तो वापरा. मूळ कागदाला मात्र असं काही लावा जे उद्या काढता येईल. मागची बाजू वाचायची असते, कधी एखादं तिकीट मुलांपैकी कुणाला द्यायचं असतं.

सगळ्यात चांगला उपाय आजोबांच्या अल्बममध्ये सापडेल. काळ्या पानांवर फोटोला चार कोपरे लावलेले असायचे, आठवतंय? ते तिकोनी कोपरे अजून मिळतात, आणि कागदाची छोटी पट्टी दुमडून घरीही होतात. गोंद कोपऱ्याला लागतो, फोटोला लागत नाही. त्याहून सोपं म्हणजे चिरा. तिकीट पानावर ठेवा, चारही कोपऱ्यांपाशी पेन्सिलनं खूण करा, तिकीट उचला आणि खुणांच्या किंचित आत कटरनं तिरप्या बारीक चिरा द्या. मग कोपरे त्यात सरकवा. गोंदाचा थेंबही लागत नाही आणि तिकीट वर्षानुवर्षं जागचं हलत नाही.

घडीचा नकाशा किंवा मोठं पत्रक उघडता यायला हवं, म्हणून त्याला एका कडेनं बिजागरीसारखी पट्टी लावतात. यासाठी मी खळ करते. एक मोठा चमचा मैदा थंड पाण्यात गुठळ्या मोडेपर्यंत कालवा, एकूण पाणी अर्धा कप. मंद आचेवर ढवळत राहा, पांढरेपणा जाऊन ती अर्धपारदर्शक झाली की उतरवा आणि पातळ फडक्यातून गाळा. हातकागदाच्या पातळ पट्टीला अगदी ओझरती लावा, वर बटर पेपर आणि जड पुस्तकं ठेवून रात्रभर दाबा. ही खळ पुढे ओल्या बोळ्यानं भिजवली की सुटते, हा तिचा मोठा गुण. उरलेली फ्रीजमध्ये दोनतीन दिवस टिकते. जुने बाइंडर किडीसाठी खळीत मोरचूद घालत. घरात तसं करू नका, ते विषारी आहे आणि मुलांचे हात या वहीत सारखे असणार. कसर मात्र खळीवर येते, म्हणून लेप पातळच हवा.

माझ्या वहीतलं मालवणचं एक पान सांगते, म्हणजे अंदाज येईल. डावीकडे वरच्या कोपऱ्यात सिंधुदुर्ग किल्ल्यावर नेणाऱ्या होडीचं तिकीट, चिरांमध्ये अडकवलेलं. त्याच्या खाली खानावळीचं बिल. त्यावर सुरमईच्या तेलाचा डाग आहे, तो मला हवाच होता. पण तेल शेजारच्या कागदात उतरतं, म्हणून ते बिल बटर पेपरच्या छोट्या पाकिटात घातलंय. डाग आणि अक्षरं दोन्ही पाकिटातून दिसतात. उजवीकडे एकच फोटो, तळहाताएवढा, पाण्याच्या बाजूनं काढलेला तटाचा. बाकी अर्धं पान मोकळं, आणि तिथे भाचीच्या अक्षरात लिहिलंय: ‘आत्या होडीत बसताना चपला हातात धरून बसली. नावाडीकाका म्हणाले, चपला बुडत नाहीत हो.’ किल्ल्याचं काम १६६४ साली सुरू झालं हे मी त्या पानावर लिहिलेलं नाही. ते कुणीही कुठेही वाचू शकतं. तसंच रत्नागिरीच्या थिबा राजवाड्याचं. तो १९१० साली बांधला, इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या राजाला तिथे ठेवलं होतं, ही माहिती तिथल्या फलकावर असते. तुमच्या पानावर तिथे कोण दमलं, कोण कशावर अडून बसलं, खिडकीतून खाडी बघून आई काय म्हणाली, हे हवं. आईला स्वतःच्या हातानं लिहू द्या. अक्षर वाकडं असेल, शुद्धलेखन चुकेल, तरी दुरुस्त करू नका.

लिहायला बॉलपेन टाळा, त्याची शाई वर्षांनी पसरते. पिगमेंट शाईचं काळं पेन घ्या, ‘वॉटरप्रूफ, फेडप्रूफ’ असं लिहिलेलं असतं. सगळ्या खरेदीत मी पैसे खर्च करायला सांगेन ते या पेनावर आणि कागदावर. नक्षीच्या टेप, मणी, थ्रीडी स्टिकर यांनी पान जाड होतं आणि नजर तिकिटावरून उडते. फोटो घरच्या प्रिंटरवर न काढता लॅबमधून मॅट कागदावर घ्या. एका ४ बाय ६ च्या प्रिंटवर चार लहान फोटो मांडून घेतले की स्वस्तही पडतात.

सावंतवाडीचे गंजिफाचे गोल पत्ते घेतले असतील तर ते चिकटवू नका. हाताने रंगवलेल्या वस्तूला गोंद लावणं मला तरी बघवत नाही. पानावर कार्डशीटचा खिसा करा, पत्ता त्यात सरकवा, वरून अर्धगोल दिसत राहील. शंखशिंपले, वाळू वहीत घालू नका, मिठामुळे ओल धरते आणि कागद खरवडतो. पानंफुलं रद्दीच्या कागदात दाबून, कागद बदलत, दोनतीन आठवडे पूर्ण वाळू द्या, मगच पाकिटातून वहीत. अंगाऱ्याची किंवा कुंकवाची पुडी असेल तर आतलं देव्हाऱ्यात ठेवा आणि नाव छापलेला कागद तेवढा घ्या.

हॉटेलच्या नोंदणीच्या कागदावर आधारचा नंबर, फोन नंबर असू शकतो. वहीचे फोटो कुठे टाकणार असाल तर ते आणि बोर्डिंग पासवरचा बारकोड झाका.

पावसाळ्यात चिकटवायचं काम शक्यतो करू नका. कागद आधीच ओल प्यायलेला असतो, आणि मिटलेल्या वहीत बुरशी धरते. आताचे हिवाळ्याचे कोरडे दिवस सगळ्यात चांगले. तयार वही बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको. सुती फडक्यात गुंडाळा, सोबत वेखंडाचा तुकडा आणि सिलिका जेलची पुडी ठेवा, आणि महिन्यातून एकदा तरी उघडून पानं हवेत चाळा. वही बंद ठेवून जपली जाते हा समज चुकीचा आहे. बघितली जाणारी वही टिकते, कारण कसर लवकर नजरेस पडते.

पुढच्या सहलीला निघताना बॅगेत एक प्लॅस्टिकचं कडक फोल्डर आणि पेन्सिल टाका, म्हणजे कागद चुरगळणार नाहीत आणि मागची वाक्यं त्याच रात्री लिहून होतील. सगळी तिकिटं मोबाइलवरच निघत असतील तर कागद मुद्दाम मिळवावा लागतो, आणि त्यासाठी माझी आवडती जागा पोस्ट ऑफिस. त्या गावातून स्वतःच्याच पत्त्यावर एक पोस्टकार्ड टाका. चार ओळी, त्या दिवशीच्या. गावाचं नाव आणि तारीख असलेला शिक्का पोस्टच मारून देतं. काही पर्यटनस्थळांच्या पोस्टात कायमचा सचित्र शिक्काही असतो, त्यावर तिथल्या किल्ल्याचं किंवा देवळाचं चित्र असतं. खिडकीवर विचारायचं, तिकीट लावलेलं कार्ड पुढे करायचं, आणि कार्ड कोरड्या हातानं, शिक्का न घासता परत घ्यायचं, कारण ती शाई वाळायला थोडा वेळ लागतो.