हातकामाच्या वस्तूंचं दुकान: जांगड माल, दर आणि दुसरी ऑर्डर

तुमचा प्रश्न असा आहे: घरात वापरायच्या, हाताने केलेल्या आणि जवळपासच्या कारागिरांकडून घेतलेल्या वस्तूंचं छोटं दुकान काढायचंय. चाळीसएक कारागिरांशी बोलणं झालंय. भांडवल कमी आहे म्हणून सगळा माल जांगड ठेवायचा विचार आहे, म्हणजे विकला गेला की मग पैसे द्यायचे. लोक एवढी किंमत देतील का, आणि एक नग दुसऱ्यासारखा नसला तर तक्रारी येतील का, या दोन गोष्टींची धास्ती आहे. मी बारा वर्षं असंच दुकान चालवते आहे. खरेदी मीच करते, गल्ल्यावरही मीच बसते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी जांगडीचं. मीही तिथूनच सुरुवात केली होती. पहिल्या वर्षी दुकान गच्च भरलेलं होतं आणि तरी चालत नव्हतं. कारण कळायला मला वेळ लागला. जांगड मालात पैसा अडकतो तो कारागिराचा. माती, सूत, लाकूड, भट्टीचं इंधन, सगळं त्याने आधीच भरलेलं असतं. महिनोन्‌महिने हातात काही पडत नाही म्हटल्यावर तो आपले चांगले नग रोख देणाऱ्याला विकतो आणि उरलेले तुमच्याकडे आणून ठेवतो. यात त्याचं काही चुकत नाही, त्याच्या जागी मी असते तर तेच केलं असतं. आपल्याकडूनही कुचराई होतेच. ज्या मालात आपले पैसे गुंतलेले नाहीत तो आपण मागच्या फळीवर ढकलतो, त्याच्यावरची धूळही उशिरा पुसली जाते. शेवटी दुकानात चाळीस जणांचा दुय्यम माल जमतो आणि पुन्हा हवा म्हणून मागावा असं त्यात काहीच नसतं.

म्हणून चाळीस जणांचा विचार सोडा, आठ-दहा जणांपासून सुरुवात करा. त्यांच्याकडून मोजके प्रकार घ्या, पण प्रत्येक प्रकाराचे पुरेसे नग घ्या आणि माल हातात आला की पैसे द्या. ऑर्डर मोठी असेल तर निम्मे आगाऊ द्या. एवढ्याच भांडवलात हे जमतं, फक्त मांडणी सुरुवातीला विरळ दिसते. विरळ दिसू द्या. जांगड फक्त मोठ्या आणि महाग वस्तूंना ठेवा: लाकडी कपाट, मोठा गालिचा, एखादं झुंबर. तेव्हाही चिठ्ठी लेखीच करा. किती दिवस ठेवणार, दोघांचा हिस्सा किती, फुटलं किंवा डाग पडला तर नुकसान कोणाचं, पैसे कोणत्या तारखेला देणार. माझं मत विचाराल तर दुकानात असताना फुटलं की नुकसान दुकानदाराचं, त्यात घासाघीस करू नये.

तीच वस्तू त्याच कारागिराकडून पुन्हा मागवणं, म्हणजे दुसरी ऑर्डर, एवढी महत्त्वाची का, हे कारागिराच्या बाजूने बघितलं की कळतं. पहिल्या ऑर्डरीत त्याला जवळजवळ काहीच सुटत नाही. नवं माप बसवायचं, नमुने करायचे, दोन-चार नग बिघडायचे, भट्टीत कुठली जागा जास्त तापते ते त्या आकारासाठी नव्याने बघायचं. विणकराचं तर अर्धं काम माग लावण्यातच असतं. ताणा म्हणजे उभे धागे भरायचे, धागा न् धागा ओवायचा, मग त्यावर दोन टॉवेल विणा किंवा वीस. दुसऱ्या ऑर्डरीला हात बसलेला असतो, वेळ कमी लागतो आणि पैसे सुटायला लागतात. इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच आणि जपानी कुंभार हामादा शोजी यांनी १९२० मध्ये इंग्लंडमधल्या सेंट आयव्हज इथे मातीकामाची कार्यशाळा काढली. दोघांच्या एकेका वेगळ्या भांड्याचं आजही नाव निघतं. पण त्या कार्यशाळेचा रोजचा खर्च पुढे बराचसा निघाला तो ठरलेल्या मापाच्या, रोज वापरायच्या भांड्यांवर. त्यांचा कॅटलॉग होता, त्यातून ऑर्डरी यायच्या, आणि भांडी हातानेच घडायची. तुमच्या दुकानात असा गाभा असला पाहिजे. वर्षभर मिळणारे दहा-बारा प्रकार, ज्यातला एक फुटला तर गिऱ्हाईक परत येऊन तसाच दुसरा नेऊ शकेल. एकमेव नग मांडणीची शोभा वाढवतात, ते थोडेच ठेवा.

आता दर. कारागिराने सांगितलेला भाव लगेच मान्य करू नका आणि पाडूनही मागू नका. बहुतेक जण स्वतःचा दर कमीच सांगतात, कारण ते फक्त माल आणि प्रत्यक्ष हात चालला तेवढाच वेळ धरतात. त्यांच्याबरोबर कागद घेऊन बसा. माग लावायचा वेळ धरला का? रंगाला लागणारं पाणी धरलं का? भट्टीतल्या १०० नगांपैकी १० तडकत असतील तर त्या १० चा खर्च उरलेल्या ९० वर चढला का? माल दुकानापर्यंत आणण्याचं गाडीभाडं? एका विणकर ताईंबरोबर असा हिशेब केला तेव्हा दिसलं की त्या टेबलावर अंथरायच्या एका कापडी पट्टीवर तोटा खात होत्या आणि तीच पट्टी माझ्याकडे सर्वात जास्त खपत होती. मी त्यांचा दर वाढवला, विक्रीची किंमतही वाढवली. थोडी विक्री घटली, पण त्या टिकल्या. दर तसाच ठेवला असता तर वर्षभरात त्यांनी माग बंद केला असता आणि माझी फळीही रिकामी झाली असती.

या धंद्यात खरेदीच्या दुप्पट किंमत लावायची पद्धत आहे, आणि भाडं, पगार, वीज, फूटतूट धरली तर त्यात वावगं काही नाही. हे कारागिरालाही उघड सांगा, लपवलं की संशय येतो. सवलतीचं गणित मात्र नीट समजून घ्या. १०० ला घेतलेली वस्तू २०० ला विकताना २० टक्के सवलत दिली की तुमच्या खिशातून ४० जातात, म्हणजे मिळणाऱ्या १०० पैकी ४०. दिसायला वीस, जातात चाळीस. म्हणून सरसकट सेल मी लावत नाही. आणि लावलाच तर त्याचा भार कारागिरावर कधीच टाकत नाही.

लोक किंमत देतील का? इंग्रज डिझायनर विल्यम मॉरिस यांनी १८६१ मध्ये घरसजावटीच्या वस्तूंची कंपनी काढली, १८७७ मध्ये लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर दुकान उघडलं. सुंदर वस्तू सगळ्यांच्या घरात असाव्यात असा त्यांचा आग्रह होता, पण मजुरी आणि माल नीट धरला की किंमत चढायची आणि गिऱ्हाईक बहुतेक श्रीमंतच राहिलं. ही अडचण तुम्हालाही येणार. मजुरी कापणं हा त्यावरचा उपाय नाही. ज्यात हाताचे तास कमी पण कसब दिसतं अशा वस्तू शोधायच्या: कोरीवकाम नसलेली पण धार छान घेतलेली लाकडी पळी, साध्या विणीचं पण घट्ट पुसणं, एका रंगाची वाटी. अशी वस्तू कुणीही नेऊ शकतं, आणि ती आवडली की सहा महिन्यांनी तोच माणूस मोठी वस्तू घ्यायला येतो.

तुमची दुसरी धास्ती नगानगातल्या फरकाची. हे प्रत्यक्ष कसं चालतं ते सांगते. मातीचे मग देणारे दादा प्रत्येक खेपेला स्वतः येतात. कागदातून नग काढून आम्ही दोघं टेबलाशी बसतो. प्रत्येक मग नखाने हळूच वाजवायचा. धड असला तर आवाज लांबतो, तडा असला तर बद्द येतो. ओठाच्या कडेवरून बोट फिरवायचं, झिलईचा, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थराचा, टोचरा दाणा लगेच कळतो. बूड तळहातावर घासायचं, टेबलावर चरा पाडेल असं वाटलं तर तिथल्या तिथे ओल्या सँडपेपरवर घासून घ्यायचं. एका खेपेला चोवीसातले सात मग मी बाजूला काढले. सातही देखणे होते, पण मगाच्या कानात, म्हणजे धरायच्या कडीत, बोट घातलं की बोटाचा सांधा मगाच्या भिंतीला टेकायचा, म्हणजे गरम मग धरला की चटका. दादांनी एक उचलला, स्वतःचं बोट घालून बघितलं आणि म्हणाले, "माझी बोटं बारीक आहेत, मी माझ्या मापाने करत गेलो." पुढच्या खेपेला त्यांनी लाकडाची एक छोटी पट्टी तासून आणली. कानातून पट्टी आरपार गेली की माप बरोबर. ती पट्टी अजून माझ्या खणात आहे, तिची जोडी त्यांच्या चाकाशेजारी. ते सात मग मी परत पाठवले नाहीत. "कान लहान आहे" असं लिहून कमी किमतीला विकले आणि तोटा दोघांनी निम्मा-निम्मा वाटून घेतला.

सांगायचं हे की कशात फरक चालणार आणि कशात नाही हे ऑर्डर देतानाच ठरवा. माप, झाकणाची बसण, सांध्याची मजबुती, धुतल्यावर रंग टिकणं, यात सूट नको. छटा, चाकाच्या रेषा, विणीतली एखादी गाठ, यात फरक येणारच. दोघांनी मान्य केलेला एक नमुना दुकानात राहू द्या, एक कारागिराकडे. गिऱ्हाइकासमोर एकच नग न ठेवता तीन-चार शेजारी मांडा, फोटोतही तसंच करा. फरक आधीच दिसला की तक्रार येत नाही, आपल्या आवडीचा नग निवडायला माणूस उलट रमतो.

लाकूड, बांबू आणि झिलई या तिन्हींचा अभ्यास दुकानदाराने स्वतः करायला हवा. लाकूड रेषेच्या आडव्या दिशेने फुगतं-आकसतं, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाही. कोरड्या हवेत घट्ट बसवलेलं रुंद झाकण दमट दिवसांत अडकून बसतं, म्हणून सुताराला आडव्या बाजूने फट ठेवायला सांगा. बांबू-वेताच्या टोपल्यांची नवी खेप लगेच फळीवर चढवू नका. काळ्या कागदावर दोनेक आठवडे वेगळी ठेवा. खाली पिठासारखी भुकटी पडलेली दिसली तर आत भुंगा आहे, आणि तो शेजारच्या मालात शिरतो. झिलईच्या भांड्यांबद्दल तर अजिबात ढिलाई नको. शिसं किंवा कॅडमियम असलेल्या झिलईतून आंबट पदार्थांत ते उतरू शकतं. खाण्यापिण्याची म्हणून विकायची प्रत्येक झिलई प्रयोगशाळेत तपासून घ्या. तपासलेली नसेल तर "फक्त शोभेसाठी" असं भांड्यावरच लिहा, तोंडी सांगून भागत नाही. लाकडाला जवसाचं तेल लावत असाल तर तेलाच्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मोकळ्या पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका.

एक कटू अनुभवही सांगते. एका घाऊक व्यापाऱ्याकडून मी हाताच्या ठशांचे म्हणून टेबलाचे कापड घेतले होते. एक बाई ते उलगडून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "यात ठसा उचलून ठेवल्याची जागाच कुठे नाही." त्यांचं बरोबर होतं. हाताने ठसे मारले की दोन ठशांच्या जोडावर कुठेतरी रेघ किंचित सरकते, कुठे रंग दाट-फिका पडतो. हे सगळं एकसारखं, जाळीच्या छपाईचं होतं. मी पूर्ण खेप फळीवरून उतरवली, ज्यांना विकलं होतं त्यांच्यातले जे सापडले त्यांना कळवलं, मागितले त्यांना पैसे परत दिले. त्या दिवसापासून "हस्तनिर्मित" हा एकच मोघम शब्द मी चिठ्ठीवर लिहीत नाही. चाकावर घडवलेलं, साच्यात ओतून हाताने रंगवलेलं, यंत्रावर कापून हाताने घासलेलं, जे असेल ते तसं. साच्यातलं भांडं विकण्यात कमीपणा नाही, फक्त तसं सांगा. "स्थानिक"चंही तेच. विणकर शेजारचा असेल आणि सूत लांबून येत असेल तर दोन्ही लिहा.

आणि कितीही मोह झाला तरी एकाची घडण दुसऱ्याला दाखवून स्वस्तात करून घेऊ नका. पहिल्याला ते कळतंच, आणि मग त्याच्यासोबत बाकीचेही आपलं नवं काम तुम्हाला दाखवायचे थांबतात.

दुकानाच्या जागेचं बोलणं पक्कं करण्याआधी एक करा. तुमच्या यादीतल्या प्रत्येक वस्तूचे दोन नग पूर्ण पैसे देऊन विकत घ्या. एक स्वतःच्या घरात दोन महिने रोज वापरा, धुवा, एकदा जरा उंचावरून पडू द्या. दुसरा नवाच ठेवा आणि शेवटी दोन्ही शेजारी ठेवून बघा. नंतर त्या कारागिराकडे जाताना वापरलेला नग बरोबर घेऊन जा. बोलणं तिथून सुरू होऊ द्या.