शपथ तिकडची, उतारा इकडचा
नागरिकत्वाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगा बारा वर्षांपासून मेलबर्नला आहे. पुढच्या महिन्यात तो तिथल्या नागरिकत्वाची शपथ घेतोय. ऑस्ट्रेलियाला दोन पासपोर्ट चालतात म्हणे. मग इथला पासपोर्ट ठेवला तर काय बिघडलं? आमची चार एकर उसाची जमीन आत्ताच बक्षीसपत्राने त्याच्या नावावर करावी का?
(वाचक, चिक्कोडी)

उत्तर : ऑस्ट्रेलियाला चालतात, भारताला चालत नाहीत. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ९ प्रमाणे स्वखुशीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी संपतं. त्यासाठी अर्ज लागत नाही, दिल्लीहून आदेश यावा लागत नाही. त्यामुळे शपथेनंतर जुना पासपोर्ट दाखवून प्रवास करणं हा गुन्हा ठरतो आणि पुढे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना किंवा भारतीयाच्या परदेशी जोडीदाराला इथे येण्या-राहण्यासाठी मिळणारं कार्ड) काढताना दंडाचा हिशेब निघतो. क्रम असा ठेवावा: शपथ, मग ऑस्ट्रेलियन पासपोर्ट, मग भारतीय पासपोर्ट तिथल्या दूतावासाच्या व्यवस्थेत जमा करून रद्द करून घेणं आणि त्याचं प्रमाणपत्र, आणि सगळ्यात शेवटी ओसीआय. हे प्रमाणपत्र नसेल तर ओसीआयचा अर्ज अडतो. मधल्या काळात घरी अडचण आली तर मुलाला व्हिसा काढूनच यावं लागेल. घरात म्हातारी माणसं असतील तर शपथेची तारीख ठरवतानाच याचा विचार व्हायला हवा. इथल्या मतदार यादीतलं नावही फॉर्म ७ भरून कमी करायचं.

आता जमीन. बक्षीसपत्र करू नका, शपथेआधीही नाही. मुलगा आज भारतीय नागरिक असला तरी परदेशी राहतो. परकीय चलनाच्या कायद्याखालील नियमांप्रमाणे अनिवासी भारतीय आणि ओसीआयधारक या दोघांनाही शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही, बक्षीस म्हणूनही मिळू शकत नाही. घर, फ्लॅट, बिगरशेती प्लॉट चालतो. शेत मिळण्याचा खुला रस्ता वारशाचा आहे. तुमच्यामागे वारसा नोंद होऊन उताऱ्यावर त्याचं नाव चढू शकतं, आणि तेव्हा तो ऑस्ट्रेलियन असला तरी हरकत नाही. तुमचं मृत्युपत्र नीट करून ठेवा, त्यात जमिनीचा सर्व्हे क्रमांक लिहा. पुढे त्याला ती जमीन विकायची झाली तर ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येईल. नोंदणी झालेली बक्षीसपत्रं नंतर वादात सापडतात ती याच अज्ञानामुळे, आणि त्रास भावाभावांत वाटला जातो.

प्रश्न : जावई मूळ गोव्याचे, आता त्यांच्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे. मुलगी भारतीय. नातू २०२२ मध्ये बेळगावात जन्मला. तो कोणत्या देशाचा? आणि जावयांना पुन्हा भारतीय होता येईल का?
(वाचक, खानापूर)

उत्तर : नातू जन्माने भारतीय आहे. ३ डिसेंबर २००४ पासून भारतात जन्मलेल्या मुलाचे एक पालक भारतीय असतील आणि दुसरे बेकायदा स्थलांतरित नसतील, तर मूल भारतीय ठरतं. जावई रीतसर व्हिसावर किंवा ओसीआयवर राहत असतील तर अडचण नाही. मात्र मुलासाठी दोन्ही देशांचे पासपोर्ट काढू नका.

जावयांबाबत एक गोष्ट निर्विवाद आहे: परदेशी पासपोर्ट मिळवणं हाच, नागरिकत्व नियमांनुसार, दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वखुशीने घेतल्याचा निर्णायक पुरावा मानला जातो. म्हणून 'फक्त कामासाठी काढला होता' हे म्हणणं टिकत नाही. परत येण्याचा रस्ता मात्र आहे. ओसीआयधारक म्हणून पाच वर्षं झाली आणि अर्जाआधीचे बारा महिने भारतातच काढले, तर कलम ५(१)(छ) खाली नागरिक म्हणून नोंदणी मागता येते. त्यासाठी त्यांना पोर्तुगालचं नागरिकत्व सोडावं लागेल आणि युरोपात काम करण्याचा हक्क त्याबरोबरच जाईल. दोघांनी बसून आधी हे ठरवावं.

प्रश्न : सून जर्मन आहे, मराठी छान बोलते, कन्नड येत नाही. नागरिकत्व मिळेल का?
(वाचक, निपाणी)

उत्तर : भारतीयाशी लग्न झालेल्या व्यक्तीच्या नोंदणीला भाषेची अट नाही. भाषेचं ज्ञान लागतं ते देशीयकरणाच्या, म्हणजे दीर्घ वास्तव्याच्या आधारे नागरिकत्व मागण्याच्या, अर्जाला, आणि तिथेही राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भाषा पुरते. मराठी त्यात आहे, त्यामुळे अर्ज कर्नाटकातून केला म्हणून ती कमी पडत नाही.

अडतं ते दिवसांच्या हिशेबात. लग्नाच्या आधारे नोंदणीला एकूण सात वर्षांचं वास्तव्य लागतं: अर्जाच्या लगत आधीचे बारा महिने सलग, आणि त्याआधीच्या आठ वर्षांत मिळून किमान सहा वर्षं. शेवटच्या बारा महिन्यांत माहेरी गेलं की साखळी तुटते. विशेष कारण असेल तर सरकार जास्तीत जास्त तीस दिवसांची सूट देऊ शकतं, पण तिच्यावर विसंबून नाताळचं तिकीट काढू नये. पासपोर्टवरचे आल्या-गेल्याचे शिक्के पाहून दिवसांचा तक्ता आत्तापासून वहीत लिहायला लागा. आधीच्या वर्षांचे शिक्के नंतर पुसट होतात. अर्ज ऑनलाइन भरून कागदपत्रं जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायची असतात, त्यानंतर चौकशी होते.

जर्मनीने २७ जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्वाला मोकळीक दिली असली तरी आपल्याकडे ती चालत नाही. तिला फक्त इथे राहायचं असेल आणि मतदान किंवा सरकारी नोकरी नको असेल, तर ओसीआय बरं. नोंदणी झालेलं लग्न दोन वर्षं टिकलेलं असावं लागतं. लग्न मोडलं तर मात्र असं कार्ड रद्द होऊ शकतं.

प्रश्न : नातीच्या ओसीआयसाठी माझा जन्मदाखला मागितला. त्यावर गावाचं जुनं इंग्रजी नाव आहे आणि राज्य 'मुंबई'. माझा जन्म १९५२ चा. दुरुस्ती करून घेऊ का?
(वाचक, बेळगाव)

उत्तर : दाखल्याला हात लावू नका, तो बरोबर आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपला जिल्हा मुंबई राज्यात होता, नंतर म्हैसूर राज्यात गेला, १९७३ मध्ये त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं, आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नोंदीत शहर 'बेळगावी' आहे. हा क्रम सांगणारं एक पानी निवेदन आणि नामांतराच्या अधिसूचनेची प्रत अर्जाला जोडा. व्यक्तीच्या नावातली तफावत मात्र आधी मिटवा. मराठी कागदांवर नाव-वडिलांचं नाव-आडनाव असतं, तर कन्नड शाळेच्या दाखल्यावर कधी आडनावाऐवजी आद्याक्षरं. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असं प्रतिज्ञापत्र करून घ्या. परदेशात दाखवायच्या कागदावर आधी राज्याचं साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचं प्रमाणन) लागू शकतं, तेव्हा मूळ प्रत लॅमिनेट करू नका. शिक्का त्यावर उमटत नाही आणि कागद परत येतो.