आधी मोज

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू विचारलंस, "काका, अहमदाबादच्या अर्जाला ऑनलाइन कोर्सची यातली कोणती सर्टिफिकेटं लावू?" तुझ्या आईसमोर चिडायचं नव्हतं म्हणून गप्प बसलो. आता लिहितो. एकही लावू नकोस. पैसे भरून महिनाभर व्हिडिओ बघितल्याच्या त्या पावत्या आहेत. त्यात तू काय मोजलंस?

अहमदाबादचं पत्र येईल तेव्हा येईल. पीआरएल आणि स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटर या अंतराळ संशोधनाच्या संस्था दोन तासांवर आहेत, म्हणून बडोद्याच्या पोरांना वाटतं की अंतराळ तिथेच सुरू होतं. अगं, ते तुझ्या गच्चीवरून रोज जातं! हौशी रेडिओवाल्यांचे कितीतरी उपग्रह 145 मेगाहर्ट्झच्या आसपास बीकन, म्हणजे ओळखीचा रेडिओ संदेश, सोडतात. अँटेनाला अर्ध्या-अर्ध्या मीटरचे दोन ॲल्युमिनियमचे दांडे, कोॲक्स केबल आणि एक एसडीआर डोंगल, म्हणजे संगणकाला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर, बस. उपग्रह दहाएक मिनिटं ऐकू येतो. तो जवळ येताना त्याची वारंवारता मूळ आकड्यापेक्षा सुमारे 3 किलोहर्ट्झने जास्त भासते आणि लांब जाईतो घसरत तेवढीच खाली जाते. ठरावीक सेकंदांनी आकडा वहीत टिपत जा. घसरण सगळ्यात जोरात होते तेव्हा तो सगळ्यात जवळ असतो. त्या आलेखातून वेगही निघतो आणि अंतरही.

1957 मध्ये स्पुटनिक या पहिल्या कृत्रिम उपग्रहाचं बीप ऐकत अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतल्या ग्वायर आणि वाइफेनबाख या तरुणांनी हेच केलं आणि त्याची कक्षा काढली. ते काम त्यांना कुणी नेमून दिलं नव्हतं. पुढे हाच हिशोब उलटा मांडून उपग्रहाच्या मदतीने जहाजाची जागा काढायला लागले. आधी मोजलं, उपयोग मागून आला.

हा पोरखेळ वाटतोय ना तुला? खरं उड्डाण हवंय. पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांचा 'स्वयम्' उपग्रह जेमतेम किलोभराचा होता. जून 2016 मध्ये तो इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटने गेला, तोवर काम सुरू करणारी मुलं केव्हाच पास होऊन गेली होती. आता पीएसएलव्हीचा वापरून झालेला चौथा टप्पाच प्रयोगांसाठी देतात. डिसेंबर 2024 च्या अशाच एका टप्प्यावर, पोएम-4 वर, 24 उपकरणं होती. त्यात बंगळूरच्या आर. व्ही. कॉलेजची जिवाणू वाढवणारी पेटीही होती. तिथे पेटी कंपन सोसते का, निर्वातात चालते का, एवढंच बघतात. ज्याने कधी काही जोडलं नाही, मोजलं नाही, तो काय दाखवणार?

मी अहमदाबादला का गेलो नाही, हे लोक अजून विचारतात. बोलावणं होतं. पण तिथे फायली सांभाळायच्या होत्या आणि इथल्या वर्कशॉपात हाताला काम होतं. आजही तेच करीन. वाईट एकाच गोष्टीचं वाटतं. आमच्याकडचा चांगला रिसीव्हर कुलपात असायचा आणि किल्ली ज्यांच्याकडे, त्यांना तो लावता येत नसे. माझी ऐन उमेदीची वर्षं त्या कपाटाबाहेर गेली. आणि तू, हातात डोंगल येऊ शकत असताना, सर्टिफिकेटं मोजत बसलीस!

शिफारसपत्र देईन, पण वही बघून. चुकलेले आकडे खोडू नकोस, मला तेच आधी बघायचे आहेत. अँटेना उत्तरायणाच्या पतंगांआधी उतरवून ठेव, मांजा अडकला तर केबल जाईल. सोल्डरिंग आयर्न माझं घेऊन जा. त्याचं टोक ओल्या स्पंजावर पुसत जा आणि कृपा करून आठवणीने परत कर.

तुझा
काका