जुन्या गाडीत ८० च्या वेगाला थरथर येते, १०० च्या पुढे गेलं की थांबते. टायर बदलावेत का?

नका बदलू. निदान आत्ता तरी नाही. तुम्ही लिहिलंय की चाकांचं बॅलन्सिंग दोनदा झालं, स्टिअरिंग शांत आहे आणि बारीक थरथर सीटखालून येते. गाडी मागच्या चाकांवर चालणारी आहे, म्हणजे खाली गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जोर नेणारा लांब प्रोपेलर शाफ्ट आहे आणि त्याच्याकडे अजून कोणी ढुंकूनही पाहिलेलं दिसत नाही.

इतक्या ठामपणे लिहितेय, कारण ह्याच प्रश्नावरून माझं आणि थोरल्या भावाचं बराच काळ वाजलेलं आहे. बाबांची गाडी माझ्याकडे आली तेव्हा ७५ पर्यंत काही तक्रार नव्हती. त्यापुढे गेलं की आतला आरसा धूसर व्हायचा, मागच्या गाडीचे दोन दिवे चार दिसायचे आणि तळपायाला झिणझिण्या यायच्या. ९५ ओलांडलं की सगळं पुन्हा शांत. दादाचं निदान तयारच होतं. "वय झालंय तिचं. म्हातारपणी हात कापतात, तसंच हे. विकून टाक." गॅरेजवाल्यांनी नवे टायर घालायला लावले. थरथर होती तिथेच राहिली. मग तेही म्हणाले, जुन्या गाड्या अशाच असतात.

हे वाक्य मला अजूनही झोंबतं. नवी होती तेव्हा ती गाडी थरथरत नव्हती. आज थरथरतेय म्हणजे काहीतरी झिजलंय, वाकलंय किंवा कोणीतरी चुकीचं जोडलंय. वय म्हणजे निदान नव्हे. शोधायचा कंटाळा आला की माणसं वयाचं नाव पुढे करतात.

मी मोकळ्या रस्त्यावर आधी टॉप गिअरमध्ये ८० धरले, मग त्याच वेगाला तिसरा गिअर टाकला. इंजिनचे फेरे चढले, पण थरथर ८० लाच आणि तशीच. म्हणजे दोष इंजिनचा नाही. ही परीक्षा नुसत्या टॉपमध्ये होत नाही, कारण बहुतेक जुन्या गाड्यांचा टॉप १:१ असतो. इंजिन आणि शाफ्ट एकाच वेगाने फिरतात आणि चोर कोण ते कळत नाही. मग न्यूट्रल करून गाडी वाहू दिली. थरथर कमी झाली, गेली नाही. गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की वाढायची. नुसता बॅलन्सचा दोष सहसा जोर दिला-सोडला म्हणून फारसा बदलत नाही. जोराबरोबर बदलणारी थरथर क्रॉसकडे (शाफ्टच्या दोन्ही टोकांचे अधिक-चिन्हासारखे सांधे), त्यांच्या कोनांकडे किंवा पिनियनच्या (शाफ्ट मागे ज्या दातेरी चाकाला फिरवतो त्याच्या) बेअरिंगकडे बोट दाखवते.

थोडा हिशोबही करा. टायरचा घेर साधारण २ मीटर धरला तर ८० ला चाक सेकंदाला ११ फेरे घेतं. डिफचा (मागच्या ॲक्सलमधल्या डिफरन्शियलचा) रेशो ४.५ असेल तर शाफ्ट ५० फेरे घेतो. चाकाचा दोष म्हणजे जाड, जवळजवळ मोजता येईल असं हलणं. शाफ्टचा दोष म्हणजे गुणगुण. तुम्ही 'बारीक' लिहिलंत तिथेच मी सावध झाले.

शेवटी गाडीखाली शिरले. शाफ्टच्या पुढच्या टोकाला, स्लाइडिंग जॉइंटवर (दातांवर मागेपुढे सरकणारा सांधा), रंगाचा जाड थर होता. स्क्रूड्रायव्हरने तो खरवडला तर खाली ठोकलेला बाण निघाला. समोरच्या स्लीव्हवरचा बाण त्याच्या बरोबर समोर हवा. तो एक दात बाजूला होता! पूर्वी क्रॉस बदलताना कोणीतरी जॉइंट ओढून काढला आणि खुणा न बघता परत सारला. क्रॉस कोनात फिरतो तेव्हा शाफ्टचा वेग एका फेऱ्यात दोनदा वाढतो, दोनदा कमी होतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढंच उलट करून ते मिटवतो, पण दोन्ही टोकांचे योक (क्रॉसला धरणारे काटे) एका रेषेत आणि दोन्ही कोन सारखे असतील तरच. शाफ्ट सोडवून दात जुळवला आणि आरसा स्वच्छ झाला. दादाला शेजारी बसवून ८० वर नेली. म्हणाला, "इथला रस्ता चांगला आहे."

तुमच्याकडे नेमकं हेच असेल असं नाही. शाफ्टवर पोचा आहे का, बॅलन्ससाठी लावलेलं वजन पडल्याची खूण आहे का, क्रॉसमध्ये ढिलाई आहे का, इंजिनचं माउंटिंग (इंजिन ज्यावर टेकतं ते रबर) दबलंय का, ते बघा. मागच्या स्प्रिंगचे पाटे दबलेत किंवा गाडी खाली केलीय, तर कोन बदललेले असणार. गिअरबॉक्स आणि पिनियन समांतर हवेत, दोन्ही कोनांत एका अंशाहून जास्त फरक नको. मात्र कोन शून्यही नको, नाहीतर क्रॉसच्या बेअरिंगमधल्या सुया एकाच जागी खड्डे पाडतात. सगळं ठीक निघालं तर शाफ्टवर होज क्लिप आवळा, तिचा स्क्रू चार बाजूंना फिरवत प्रत्येक वेळी चालवून बघा. थरथर कमी-जास्त झाली तर बॅलन्सच गेलाय. शाफ्ट बॅलन्सिंगला द्या.

हे सगळं एकसंध शाफ्टबद्दल झालं. शाफ्ट दोन तुकड्यांचा असून मध्ये सेंटर बेअरिंग असेल तर आधी त्याचं रबर बघा, आणि योक कसे जुळवायचे ते त्या गाडीच्या मॅन्युअलमध्येच बघा. मागची चाकं लोंबकळत ठेवून, इंजिन चालू करून खाली शिरू नका: धोका तर आहेच, शिवाय त्या अवस्थेत कोन बदलतात आणि नसलेली थरथर दिसते. आणि हो, मागच्या टायरचा आतला पट्टा सुटला असेल तरी सीट हलते. त्यासाठी नवे टायर लागत नाहीत. मागचे पुढे घालून चालवा, दोष टायरचा असेल तर स्टिअरिंगमध्ये येईल.

तिसऱ्या गिअरमध्ये काय झालं ते इथे लिहा, आणि शाफ्ट एका तुकड्याचा आहे की दोन, तेही. तोवर कोणी टायर गळ्यात मारू पाहिले तर घेऊ नका.