प्रश्न तुमचे, उत्तरं हँगरमधून : ९५ चं पेट्रोल की १०० चं एव्हगॅस?

हलक्या विमानांच्या इंधनाबद्दल बरीच पत्रं साठली होती. (एव्हगॅस म्हणजे पिस्टन इंजिनाच्या विमानांचं खास पेट्रोल.) बहुतेकांचा सूर एकच: ‘आकडा मोठा ते इंधन चांगलं ना?’ इंजिनाच्या कामात हयात गेलेल्या माणसाला हा प्रश्न ऐकला की पाना खाली ठेवून बसावंसं वाटतं. या वेळी सगळा अंक त्यालाच दिला आहे.

प्रश्न : आम्ही दोघा मित्रांनी मिळून दोन आसनी विमान घेतलं. इंजिन रोटॅक्स ९१२ यूएलएस, १०० अश्वशक्तीचं. मित्राचं म्हणणं, एव्हगॅस हेच विमानाचं खरं इंधन आणि मोटारीचं पेट्रोल म्हणजे नसती काटकसर. पुस्तिकेत तर दोन्ही चालतं असं दिलंय. कुणाचं ऐकू?

पुस्तिकेचं ऐका, आणि मित्रालाही वाचायला द्या. पुस्तिका ‘दोन्ही चालतं’ म्हणते, पण ‘दोन्ही सारखंच’ म्हणत नाही. तुमचं इंजिन मुळात बिनशिशाच्या पेट्रोलसाठीच घडवलेलं आहे. एव्हगॅस त्याला चालतं, पण मानवतं असं नाही.

कारण शिसं. १००एलएल या निळ्या एव्हगॅसच्या नावातला ‘एलएल’ म्हणजे ‘कमी शिसं’, पण कमी कशाच्या मानानं? जुन्या हिरव्या १०० नंबरी एव्हगॅसच्या मानानं. त्यात लिटरमागे १.१२ ग्रॅमपर्यंत शिसं चालायचं, निळ्यात ०.५६ ग्रॅमपर्यंत चालतं. त्याहून जुनं ८० नंबरी लाल एव्हगॅस होतं, त्यात मर्यादा होती ०.१४. म्हणजे ‘कमी शिशा’च्या इंधनात लालच्या चौपट शिसं असू शकतं.

हे शिसं जातं कुठे? बरंचसं धुराड्यातून बाहेर पडतं. उरलेलं पिस्टनच्या रिंगांमधून तेलात उतरतं. साध्या विमान इंजिनात प्रोपेलर थेट क्रँकशाफ्टवर असतो. तुमचं इंजिन ५,८०० फेऱ्यांपर्यंत पळतं आणि गिअरबॉक्स तो वेग प्रोपेलरला झेपेल इतका उतरवतो. इंजिनाला आणि गिअरबॉक्सला तेल एकच. म्हणून शिशाचा गाळ गिअरबॉक्समध्ये आणि त्यातल्या क्लचमध्ये जाऊन बसतो. कायम एव्हगॅसवर चाललेल्या ९१२ ची तेलाची टाकी उघडली की तळाशी राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप सापडतो. बोटानं निघतो, पण कापडानं कितीही पुसा, बोट काळं ते काळंच.

म्हणूनच रोटॅक्सनं सांगून ठेवलंय की उड्डाणाच्या वेळेपैकी ३० टक्क्यांहून जास्त वेळ शिशाचं इंधन वापरत असाल, तर १०० तासांनी बदलायचं तेल ५० तासांनीच बदला. तेलही पूर्ण सिंथेटिक घेऊ नका. ते एरवी उत्तम, पण शिसं आपल्यात तरंगत ठेवणं त्याला जमत नाही. सेमी-सिंथेटिक घ्या.

आता पेट्रोल कोणतं? ‘यूएलएस’ला किमान ९५ रॉन (पेट्रोलपंपावरचा ऑक्टेनचा आकडा, त्याबद्दल पुढे येतंच आहे). हँगरमध्ये शेजारी उभ्या असलेल्या ९१२ ‘यूएल’ला, म्हणजे ८० अश्वशक्तीच्या इंजिनाला, ९० पुरतं. त्याचा कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते) ९, तुमचा त्याहून बराच वर. नावात एका ‘एस’चाच फरक आहे, तेव्हा ‘शेजारचा तेच भरतो’ हा हिशेब इथे चालत नाही.

मित्राच्या बाजूनं एक गोष्ट मात्र सांगतो. कडक उन्हात तापत उभं राहिलेलं विमान उंच न्यायचं असेल, किंवा पंपावरचं पेट्रोल थंडीच्या मोसमासाठी बनवलेलं असेल, तर त्या दिवशी एव्हगॅस भरा. का, ते पुढच्या उत्तरात येतंच आहे.

प्रश्न : आमच्या क्लबच्या विमानात लायकॉमिंग ओ-३२० आहे. एव्हगॅस १००, चांगलं पेट्रोल ९५ किंवा ९८. दोन-पाच आकड्यांनी काय बिघडतं?

आकडे दोन-पाचनं वेगळे नाहीत, मोजपट्ट्याच वेगळ्या आहेत. एकाचं वजन किलोत सांगायचं, दुसऱ्याचं शेरात, आणि मग आकडे शेजारी मांडायचे, तसं होतंय तुमचं.

पेट्रोलपंपावरचा ९५ हा बऱ्याच देशांत रॉन असतो. ही चाचणी सौम्य असते: इंजिनाच्या फेऱ्या कमी, आत येणारी हवा फारशी गरम नाही. विमानाचं इंधन मॉन या दुसऱ्या ऑक्टेन पट्टीवर मोजतात. तिथे फेऱ्या जास्त, मिश्रण आधीच तापवलेलं, म्हणजे इंजिनाची खरी परीक्षा. १००एलएलचा मॉन किमान ९९.६. तुमच्या ९५ रॉन पेट्रोलचा मॉन साधारण ८५. फरक पाचाचा नव्हे, पंधराचा.

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, हेही एकदा लिहून टाकतो. ज्वाळा पोचायच्या आत, दाब आणि उष्णतेनं उरलेलं मिश्रण आपोआप भडकू नये, यासाठीची सहनशक्ती म्हणजे ऑक्टेन. ती कमी पडली की डेटोनेशन. मोटारीत ठोके ऐकू येतात, पाय पेडलवरून उचलता येतो. विमानात प्रोपेलरच्या आवाजात ते ऐकूच येत नाहीत. सिलिंडर हेडचं तापमान चढतं, पिस्टनचा माथा खरवडल्यासारखा होतो, पुढे भोक पडतं. हे सगळं होतं कधी? पूर्ण ताकदीवर चढताना, जेव्हा खाली उतरायला जागा सगळ्यात कमी असते.

तुम्ही नुसतं ‘ओ-३२०’ लिहिलंत. त्यापुढची अक्षरं कुठे गेली? ओ-३२०-ई२डी असेल तर १५० अश्वशक्ती, कॉम्प्रेशन रेशो ७. ओ-३२०-डी२जे असेल तर १६० अश्वशक्ती, रेशो ८.५. बाहेरून बघून भल्याभल्यांना फरक कळत नाही. पहिलं इंजिन ८० नंबरी लाल एव्हगॅसच्या जमान्यातलं, ते कमी ऑक्टेनवर खुशाल चालतं. दुसऱ्याला ते चालणार नाही. तेव्हा इंजिनाच्या पाटीवरचं पूर्ण नाव वाचा, आणि कोणत्या मॉडेलला कोणतं इंधन मंजूर हे लायकॉमिंगच्या सर्व्हिस इन्स्ट्रक्शन १०७० मध्ये ओळीनं दिलंय ते बघा.

यादीत आपलं इंजिन सापडलं की लोक हुरळून टाकी भरायला धावतात. थांबा. इंजिनाला मंजुरी म्हणजे विमानाला मंजुरी नव्हे. अमेरिकेत १९८२ साली सेसना १५० ला मोटारीच्या पेट्रोलची परवानगी मिळाली. त्यातलं काँटिनेंटल ओ-२०० कमी कॉम्प्रेशनचं होतं हे खरं, पण त्या विमानाचे पंखही वर आहेत आणि इंधन वजनानंच खाली येतं. पंख खाली असलेल्या विमानात पंपाला इंधन वर ओढावं लागतं. ओढलं की नळीतला दाब उतरतो, आणि गरम नळीत दाब उतरला की पेट्रोलची वाफ होते. पंप मग वाफच ढकलत बसतो. हाच व्हेपर लॉक.

एव्हगॅसचा बाष्पदाब, म्हणजे वाफ होण्याची ओढ, वर्षभर ३८ ते ४९ किलोपास्कलच्या आत ठेवलेला असतो. मोटारीचं पेट्रोल मात्र हंगामाप्रमाणे बदलतं. थंडीत गाडी सकाळी पटकन सुरू व्हावी म्हणून ते मुद्दाम लवकर उडणारं करतात. ते डब्यात साठवून उन्हाळ्यात विमानात ओतणं म्हणजे आपल्या हातानं व्हेपर लॉक मागवणं. मला विचाराल तर पेट्रोलवाल्यांनी ऑक्टेनपेक्षा या गोष्टीची धास्ती जास्त घ्यावी.

प्रश्न : पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे की नाही हे घरच्या घरी कसं ओळखायचं? आणि असलं तर काय?

घरी नको, मोकळ्या हवेत ओळखा. आखणी केलेली १०० मिलिलिटरची उंच काचेची नळी घ्या. तीत १० च्या रेघेपर्यंत पाणी, वर १०० पर्यंत पेट्रोल. बूच लावून हलवा, बूच जरा सैल करून वाफ जाऊ द्या, आणि नळी सपाट जागी ठेवा. थोड्या वेळानं दोन थर वेगळे दिसतात. खालच्या थराची कड १० वरच असेल तर पेट्रोल कोरडं. कड १० च्या वर सरकलेली दिसली, तर इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याशी जाऊन मिळालंय. दहा टक्केवाल्या पेट्रोलमध्ये हा फरक चष्म्याशिवायही दिसतो.

असलं तर काय, याचं उत्तर नळीतच आहे. इथेनॉलला पाण्याची ओढ. दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल १५ अंशांना सुमारे अर्धा टक्का पाणी पोटात घेऊन बसतं. तोवर ड्रेन कपात, म्हणजे टाकीच्या तळातून नमुना घ्यायच्या पेल्यात, काहीच दिसत नाही. उंचावर गारठलं की तेवढं पाणी पेलवत नाही, आणि पाणी-इथेनॉलचा एकत्र थर टाकीच्या तळाशी उतरतो, म्हणजे इंजिनाकडे जाणारी नळी जिथे असते नेमका तिथे. इथेनॉल गेल्यामुळे वर राहिलेल्या पेट्रोलचा ऑक्टेनही घसरलेला.

रोटॅक्स ९१२ ला दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालतं. पण टाकी रोटॅक्सनं बनवलेली नाही. फायबरग्लासच्या टाकीतला राळेचा थर, सांधे बुजवलेलं सीलंट, जुने रबरी नळ आणि ओ-रिंग यांना ते चालेल का, हे विमान बनवणाऱ्यालाच विचारा. तो गप्प असेल तर उत्तर ‘नाही’ असंच धरा. अमेरिकेत जुन्या विमानांना दिलेल्या पेट्रोलच्या परवानग्यांतही इथेनॉलला मनाईच आहे.

प्रश्न : विमानाच्या अंगावर ‘टर्बो’ लिहिलेलं बघून इंधनवाला जेट इंधन भरायला निघाला होता. वेळीच पाहिलं म्हणून वाचलो. भरलं असतं तर इंजिन सुरूच झालं नसतं ना?

सुरू झालं असतं, हीच तर गोम आहे. (‘टर्बो’ म्हणजे इथे टर्बोचार्जर, जेट इंधनावरचं टर्बाइन नव्हे.) नळ्यांत आणि कार्ब्युरेटरमध्ये जुनं एव्हगॅस असतं. त्यावर इंजिन सुरू होतं, टॅक्सी, म्हणजे जमिनीवरची चाल, होते, बऱ्याचदा उड्डाणही होतं. मग जेट इंधन पोचतं. ते म्हणजे जवळजवळ रॉकेलच. ऑक्टेन अगदीच कमी, त्यामुळे स्पार्कवाल्या इंजिनात तुफान डेटोनेशन, आणि जमीन अजून जवळच असताना इंजिन बंद.

रंगावर विसंबू नका. निळ्यात बिनरंगी जेट मिसळलं तरी निळा रंग राहतोच, फक्त फिका होतो. ड्रेनमधला एक थेंब पांढऱ्या कागदावर टाका. एव्हगॅस उडून जातं, जेट असेल तर तेलकट कडं मागे राहतं. जेटच्या नळीचं तोंड सहसा रुंद, चपटं असतं आणि एव्हगॅसच्या टाकीत जात नाही. पण काही टर्बाइन विमानांची भोकंही लहान असतात म्हणून गोल तोंडाच्या जेट नळ्याही असतात. तेव्हा ‘नळी आत गेली म्हणजे बरोबरच’ असं समजू नका. लेबल वाचा: एव्हगॅसचं लाल, जेटचं काळं.

उलटी चूकही होते. डायमंड डीए४० लायकॉमिंगसह एव्हगॅसवर चालतं, आणि तसंच दिसणारं डीए४० एनजी डिझेल इंजिनासह जेट इंधनावर. डिझेलमध्ये एव्हगॅस गेलं तर उच्च दाबाच्या पंपाला वंगण मिळत नाही आणि पंप स्वतःलाच खातो. इंधन भरताना विमानाशी उभे राहा, चहा नंतर.

प्रश्न : बिनशिशाचं एव्हगॅस येतंय म्हणे. थांबावं का?

थांबायचं कशासाठी? यूएल९१ आणि यूएल९४ ही बिनशिशाची एव्हगॅसं आलेली आहेत. कमी कॉम्प्रेशनच्या मंजूर इंजिनांना ती मिळत असतील तर जरूर घ्या. बाष्पदाब एव्हगॅसचा, इथेनॉल नाही, शिसं नाही. तुमचं इंजिन १०० च मागत असेल तर गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे. अमेरिकेत जी१००यूएल या बिनशिशाच्या १०० नंबरी इंधनाला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. स्विफ्ट कंपनीच्या तशाच १००आरला २०२४ मध्ये मिळाली, तीही सुरुवातीला सेसना १७२ च्या आर आणि एस मॉडेलांपुरती. ही दोन एकमेकांत मिसळायची नाहीत. युरोपीय संघात एव्हगॅसमध्ये शिसं आणणाऱ्या रसायनाला १ मे २०२५ पासून खास परवान्याशिवाय वाव नाही.

सगळं सुरळीत होईल असं मात्र समजू नका. नॉर्थ डकोटा विद्यापीठानं २०२३ मध्ये आपली विमानं यूएल९४ वर नेली आणि त्याच वर्षी परत १००एलएलवर आणली, कारण एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठका झिजताना आढळल्या. इंधन बदललंत तर व्हॉल्व्हच्या क्लिअरन्सचं माप लॉगबुकात लिहीत चला.

प्रश्न : १००एलएलवर चालणाऱ्या माझ्या काँटिनेंटल ओ-२०० च्या खालच्या स्पार्क प्लगांत राखाडी मणी सापडतात. मॅग्नेटो (प्लगला ठिणगीची वीज देणारं यंत्र) तपासताना इंजिन थरथरतं. प्लग खराब आहेत का?

प्लग ठीक असावेत. ते मणी शिशाचे आहेत. शिसं बाहेर वाहून नेण्यासाठी एव्हगॅसमध्ये एथिलीन डायब्रोमाइड घातलेलं असतं, पण त्याला काम करायला उष्णता लागते. जमिनीवर घट्ट (इंधन जास्त, हवा कमी अशा) मिश्रणावर रेंगाळत राहिलात तर प्लग तेवढा तापत नाही आणि शिसं तिथेच साचतं. त्यात तुमचं इंजिन ८० नंबरीसाठी बनलेलं, त्याला एवढं शिसं लागतच नाही. टॅक्सी करताना मिश्रण चांगलं पातळ करा आणि उड्डाणाआधी न विसरता पुन्हा घट्ट करा. थांबून राहायचं असेल तर फेऱ्या १,००० च्या वर ठेवा. तपासणीच्या वेळी वरचे प्लग खाली आणि खालचे वर लावा. मणी काढायला प्लगची कंपन साफणी वापरा, टोकदार सळईनं चिनीमातीला ओरखडू नका. हातमोजे घाला, भुकटी फुंकरीनं उडवू नका, आणि काम झाल्यावर हात साबणानं धुवूनच दुसऱ्या कशाला लावा.