वाचकांचे प्रश्न : स्लाइड कोरी, मशीन म्हणतं टीबी

प्रश्न : ताई, माझी सून २४ वर्षांची आहे. महिनाभर खोकला, संध्याकाळी कणकण. आधी एका ठिकाणी बेडका तपासला, काही निघालं नाही. मग सरकारी दवाखान्यात ट्रूनॅट मशीनवर तासाभरात टीबी निघाला. खरं कुठलं मानायचं? गोळ्या सुरू झाल्या आहेत. घरात ३ वर्षांचा नातू आहे, म्हणून तिला सहा महिने माहेरी ठेवावं असं सगळे म्हणतात. आणखी एक. आरोग्यसेविका घरातल्यांची नावं लिहून घेऊन गेली, तेव्हा मी लेकीचं नाव सांगितलं नाही. तिला स्थळं येताहेत.
– एक सासू, बार्शी तालुका

उत्तर : मशीनचं माना. पण स्लाइड पाहणाऱ्याने कामचुकारपणा केला असंही समजू नका. सूक्ष्मदर्शकासमोरच्या त्या स्टुलावर मी ३१ वर्षं बसले आहे. काचेवर बेडका पसरायचा, लाल रंग ओतून खालून वाफ येईपर्यंत तापवायचा, आम्लाने धुवायचं, वरून निळा रंग द्यायचा. निळ्यात लाल काडी दिसली की टीबी. सूक्ष्मदर्शकात एका वेळी काचेचा जेवढा भाग दिसतो ते एक फील्ड. अशी शंभर फील्ड बघितल्याशिवाय निगेटिव्ह लिहायचं नाही, अशी आमची शिस्त. तरीही एका मिलिलिटरमध्ये साधारण १०,००० जंतू असल्याशिवाय ती काडी डोळ्यांना सापडत नाही. सुनेच्या बेडक्यात तेवढे नसणार. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी हा जंतू जगाला सांगितला, त्यानंतर सव्वाशे वर्षं बहुतेक दवाखान्यांची भिस्त या लाल काडीवरच होती.

मशीन जंतू बघत नाही, त्याचा डीएनए वाढवतं. ९५ अंशांच्या आसपास तापवलं की डीएनएची दुपेडी वेणी सुटते, थंड केलं की प्रत्येक पेडाला नवा जोडीदार मिळतो. एका फेरीत एकाचे दोन. तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींच्या वर! हे मोठ्या प्रयोगशाळेत आधीपासून होत होतं. खरी कमाल इंजिनिअरांची आहे. ही ताप-थंड त्यांनी ६ मायक्रोलिटर द्रव मावणाऱ्या चिपवर आणली आणि यंत्र बॅटरीवर चालवलं. धूळ आहे, दुपारी वीज जाते, अशा आरोग्य केंद्रातही ते टिकतं. ट्रूनॅट आपल्या शेजारच्या गोव्यातल्या मोल्बिओ कंपनीचं, आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही ते मान्य केलं. त्याच नमुन्यातून दुसऱ्या चिपवर रिफाम्पिसिन हे टीबीवरचं मुख्य औषध लागू पडेल का तेही कळतं. तो रिपोर्ट मागून घ्या, राहून गेला असेल तर आजच विचारा.

आता माहेरचं. पाठवू नका. औषध लागू पडणारं असेल आणि गोळी चुकली नाही, तर साधारण दोन आठवड्यांत लागण देण्याची शक्ती खूप उतरते. नातवाला धोका होता तो निदानाच्या आधीच्या महिन्यात, आणि तो महिना सरला. आता त्याला डॉक्टरांकडे न्या, तपासा, टीबी नसेल तर प्रतिबंधक औषध सुरू करा. भांडी-कपडे वेगळे करू नका, हा रोग हवेतून पसरतो. खिडक्या उघड्या ठेवा, सुरुवातीला तिला मास्क द्या. आणि ताई, तिचं ताट आधी वाढा. झारखंडमध्ये डॉ. अनुराग आणि माधवी भार्गव यांनी रुग्णांच्या घरातल्या १०,३४५ माणसांचा अभ्यास केला. ज्या घरांत सगळ्यांनाच सकस शिधा मिळाला, तिथे नवा टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला. २०२३ मध्ये तो प्रसिद्ध झाला, तेव्हा मी तो दोनदा वाचला. निक्षय पोषण या सरकारी योजनेतून टीबीच्या रुग्णाला आहारासाठी मिळणारे महिना १,००० रुपये सुनेच्या खात्यात येतात का, तेही बघा.

लेकीचं नाव मात्र उद्याच्या उद्या सांगा. उपचार सुरू होण्याआधीच्या तीन महिन्यांत जो एक रात्र जरी त्याच घरात झोपला, किंवा दिवसाचे बरेच तास तिथे असायचा, तो घरचा संपर्क. त्यात रक्ताचं नातं बघत नाहीत. एका घराने मला सात नावं दिली होती. आठवी भाची, शिकायला मामाकडे राहिलेली. ‘ती आमच्या घरची नाही’ म्हणून गाळली. चार महिन्यांनी तीच बेडक्याची डबी घेऊन माझ्या टेबलासमोर उभी राहिली. तिच्या स्लाइडला शंभर फील्ड लागले नाहीत, पहिल्याच फील्डमध्ये काड्या होत्या.

इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात लिहिलंय की उत्तरेत न चालणारं मामाच्या मुलीशी लग्न महाराष्ट्रात बऱ्याच जातींत चालतं. म्हणजे सासू ती आत्याच, आणि दोन्ही घरांत येणंजाणं कायमचं. म्हणून त्या भाचीनंतर मी ‘घरात कोण राहतं’ असं विचारणं सोडलं. ‘तीन महिन्यांत इथे कोण झोपलं, आणि तुम्ही कुठे झोपलात?’ असं विचारायचे. सून मधे माहेरी जाऊन आली असेल, तर तिथलीही नावं द्या. लेकीची तपासणी स्वच्छ निघाली तर तुमचाच जीव हलका होईल. नाही निघाली, तर लग्नाआधी बरी होईल.

प्रश्न : वडिलांनी मागच्या वर्षी टीबीचा कोर्स पूर्ण केला. परवा खोकला आला म्हणून मशीनवर तपासलं, पुन्हा पॉझिटिव्ह. – एक मुलगा, चिपळूण

उत्तर : घाबरू नका, पण सोडूनही देऊ नका. मशीनला मेलेला आणि जिवंत जंतू वेगळा कळत नाही. कोर्स संपल्यावरही जुन्या डीएनएचे अवशेष राहू शकतात. बेडका कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून बघायला पाठवायला सांगा, तिथे फक्त जिवंत जंतू वाढतो. निगेटिव्ह म्हणायला सहा आठवडे लागू शकतात. तोवर उरलेल्या जुन्या गोळ्या स्वतःहून सुरू करू नका. आणि डॉक्टरांना मागच्या कोर्सचं कार्ड दाखवा.